कल्लाप्पाण्णांची जड नजर

कल्लाप्पाण्णा फुटबॉलच्या मॅचचं तिकीट काढायचे, गर्दीत ढकलाढकली करून पायरीवर मधोमध जागा धरायचे, आणि चेंडू आमच्या गोलकडे यायला लागला की उठून मैदानाकडे पाठ करून उभे राहायचे. सगळं स्टेडियम एका बाजूला बघतंय आणि हा एकटा माणूस सगळ्या स्टेडियमकडे बघतोय.

"अण्णा, खाली बसा की! दिसंना झालंय!" मागचे ओरडायचे.

"बसतो रे. गेला का बाहेर?"

"गेला."

मग ते वळून बसायचे आणि धोतर सावरून शेंगा फोडायला लागायचे. चेंडू परत अलीकडे आला की परत उठायचे. निम्मी मॅच ते आमच्या चेहऱ्यांवर बघायचे. आमचा जबडा पडला की ते ओळखायचे.

"माझी नजर वाईट न्हाय," ते सांगायचे, "जड हाय. पडली की खाली दाबती."

अण्णा आमच्या शेजारचे. आमच्या पेठेत त्यांचं गूळ-भुसाराचं दुकान होतं. आजोळ संकेश्वरकडचं, त्यामुळे हिशेब मराठीत आणि घाबरणं कानडीत. "अय्यो शिवने!" असं ओरडून ते उठले की समोरच्या संघाचा फॉरवर्ड सुटलाय हे आंधळ्यालाही कळायचं. घरीसुद्धा हाच प्रकार. चुलीवरच्या दुधाकडे ते बघत नसत. बघितलं की उतू जातं. पारव्वाकाकू म्हणायच्या, "बघत न्हाईत म्हणूनच जातंय की उतू!" कुणी स्कूटरला किका मारत असला तर अण्णा भिंतीकडे तोंड करत. एकदा दुकानात गिऱ्हाइकानं विचारलं, "अण्णा, मग तराजूकडं कसं बघतासा?" तर म्हणाले, "तराजूकडं कोण बघतंय? मी तुज्याकडं बघतोय."

आमच्या कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत. वरचा गट आणि खालचा गट. वरच्या गटात जो शेवटी राहील तो खाली जातो, आणि त्या पेठेला वर्षभर गावात तोंड दाखवायची चोरी होते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी-शेवटी एका हंगामात आमच्यावर ती पाळी आली. आमच्या सेंटर फॉरवर्डची बदली झाली होती. स्टॉपरचा गुडघा पहिल्याच मॅचला फिरला. आम्ही हरत गेलो. गोलकीपर संज्या तेवढा भिंतीसारखा उभा होता. उद्यमनगरात लेथवर काम करणारं ते उंच, लाजाळू पोरगं. सामना संपला की ढोपरं फुटलेली आणि मान खाली.

अण्णा रोज सकाळी सरावाला गूळ-शेंगांची पिशवी घेऊन यायचे. पोरं खात असताना एकेकाच्या पाठीवर हात ठेवायचे आणि बघायचे मात्र दुसरीकडे. हंगाम बिघडत गेला तसे मॅचच्या दिवशी ते मैदानापासून लांब सरकत गेले. आधी सगळ्यात वरच्या पायरीवर, मग फाटकापाशी. शेवटची मॅच उरली तेव्हा बरोबरी झाली तरी आम्ही वर राहणार होतो. आदल्या दिवशी तालमीत बैठक झाली. आमचा कॅप्टन बाळ्या चेष्टेनं म्हणाला, "अण्णा, उद्या तुम्ही गावातच ऱ्हाऊ नगासा."

सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. थोडा विचार करून म्हणाले, "गगनबावड्याला जातो. मधी डोंगर हाईत."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे. "चल. मी वळून बघितलं न्हाय ह्याला साक्षीदार पायजे." मी पतसंस्थेत रजा टाकली आणि एसटीत बसलो.

गगनबावड्यात एका हॉटेलाच्या बाकड्यावर अण्णा कोकणाकडे तोंड करून बसले. कोल्हापूर बरोबर पाठीमागे. हॉटेलवाला भला माणूस. म्हणाला, "पावणं, हिकडं सरकून बसा. हितनं गाडी येताना दिसंल."

"मला तिकडं बघायचंच न्हाय."

"भांडून आलासा काय घरात?"

अण्णांचा चहा गार होऊन गेला. मॅच संपायची वेळ झाली तसा मी एसटीडी बूथवर गेलो आणि स्टेडियमजवळच्या पानपट्टीवर फोन लावला. परत आलो तेव्हा अण्णा घाटाकडे बघत तसेच बसले होते.

"गेलं, अण्णा. शेवटी शेवटी एक गोल बसला. साधाच बॉल होता. हातातनं सुटला."

"कुणाच्या हातातनं?"

"संज्याच्या."

खाली गेलो, गावात तोंड कसं दाखवायचं, यातलं अण्णा काही बोलले नाहीत. एसटीत एवढंच विचारलं, "त्याला कुणी काय बोललं नसंल न्हवं?"

बोलायचे ते सगळे बोलले होते. सकाळी कळलं, संज्यानं हातमोजे बंबात घातले आणि खेळणं सोडलं म्हणून सांगितलं. तालमीच्या कट्ट्यावर पोरं तोंडाला येईल ते बोलत होती. संज्याचं दार समोरच; ते बंद होतं. अण्णा मला घेऊन निघाले ते थेट त्या दारापुढे जाऊन उभे राहिले आणि सगळ्या कट्ट्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "संज्या, भाईर ये. माझी चूक झालीया!"

दार किलकिलं झालं.

"मी गगनबावड्याला गेलोच न्हाय. मला ऱ्हावलं न्हाय. गावाभाईर फुलेवाडीलाच उतरलो आन् माघारी आलो. तुज्या गोलच्या मागं, फाटकाच्या फटीतनं बघत हुतो. बॉल तुज्या हातात आलता रे. मी बघितला, आन् सुटला."

अण्णांनी माझ्याकडे बोट केलं. "हा हुता संगं. इचारा."

मी होय म्हणून मान हलवली.

संज्या दारात आला. डोळे सुजलेले. अख्ख्या हंगामात ज्यानं तोंड उघडलं नव्हतं, तो अण्णांवर असा काय ओरडला, की पारव्वाकाकू दुकानातून बाहेर आल्या. "कशाला आलासा? सांगितलं हुतं न्हवं? सगळी पोरं मरमर मरत्यात आन् तुम्हाला एक दिवस लांब ऱ्हावत न्हाय?"

"चुकलं," अण्णा म्हणाले. "बोल. अजून बोल."

तो बोलून बोलून दमला आणि पायरीवर बसला. मग बाळ्या कट्ट्यावरून खाली उतरला. "अण्णा, आजपासनं स्टेडियमात पाय ठेवायचा न्हाय."

"मान्य."

"कधीच न्हाय."

"मान्य म्हटलं की." मग पोरं संज्याजवळ येऊन बसली. कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात टाकला.

परत येताना मी म्हणालो, "अण्णा, तुम्ही तर माझ्याशेजारी बाकड्यावर होता."

"ते तुला ठावं हाय आन् मला ठावं हाय. त्या हॉटेलवाल्याला ठावं हाय, तो काय हिकडं येत न्हाय. होगली बिडु." जाऊ दे, असं त्याचं मराठी.

संज्या नवे हातमोजे घालून सरावाला उतरला. पुढच्या हंगामात खालच्या गटातल्या मॅचना माणसं फारशी नसायची. अण्णांनी शब्द पाळला. मॅचच्या दिवशी ते स्टेडियमच्या भिंतीबाहेर, रस्त्यापलीकडच्या पायरीवर बसायचे आणि आतला आवाज ऐकायचे. आम्ही जिंकायला लागलो तसं त्यांना आत घ्यायचा विषयच कुणी काढेना. चाललंय ते चालू दे, असं झालं. शेवटच्या मॅचला आम्ही परत वरच्या गटात गेलो आणि आत गुलाल उडाला, तेव्हाही ते तिथंच होते. मी धावत बाहेर आलो.

"अण्णा, आता तरी खरं सांगूया. पुढच्या वर्षी आत या."

"नगो. सांगितलं तर त्याला परत तो बॉल आठवंल." मग भिंतीकडे बघत हळूच विचारलं, "आज अडवला म्हनं त्यानं एक. कसा अडवला रे?"

"डावीकडं उडी मारून. बोटांच्या टोकानं."

"म्हंजे कसं?"

मी हातातली माझी पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि इस्त्रीच्या पँटनिशी, भर रस्त्यात, हात लांब करून डावीकडे झेप घेतली. एक रिक्षावाला शिव्या देत वळला. मी धूळ झटकत उठलो. अण्णा टक लावून बघत होते.

"परत एकदा दाव," ते म्हणाले.