पूर्णपणे सुरक्षित रानफुलांचा चहा

खारूच्या आईला त्या रात्री झोप लागली नाही, आणि कारण होतं घसरगुंडी. (झोप न लागण्यात तसं नवीन काही नव्हतं. आधीच्या आठवड्यात ती नव्या खोडरबराच्या वासावरून जागी होती. पण या वेळचं कारण जरा भारदस्त होतं.)

झालं होतं ते एवढंच. संध्याकाळी बागेत पोरांची रांग लागली होती. एकेक पोर शिडी चढत होतं, घसरत होतं, खालच्या मातीत आपटत होतं आणि ढुंगण झटकून पुन्हा रांगेत घुसत होतं. खारूची पाळी आली. ही मुलगी पाच वर्षांची. तोंडात घास साठवून ठेवायची सवय म्हणून खारूताई, आणि लाडात नुसती खारू. तर ही खारू शिडीच्या वरच्या पायरीवर थांबली, खाली उभ्या असलेल्या आईकडे वळली आणि अख्ख्या बागेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आई, हे कुणी तपासलंय का?"

मागची पोरं हसली. पोरांच्या आया हसल्या. खारूची आईही हसली, कारण न हसणं फारच वाईट दिसलं असतं. पण घरी पोचेपर्यंत तिचं हसू पार मावळलं होतं. स्वतःचा काळजीखोर स्वभाव तिनं चष्म्याच्या नंबरासारखा केव्हाच पत्करला होता. पण तोच नंबर आता पोरीलाही लागला? मग रात्रभर तिनं एकाच गोष्टीची काळजी केली: आपण फार काळजी करतो. नवऱ्याला हलवून सांगितलं, तर तो कुशीवर वळत म्हणाला की याच वयात आपण पत्र्याच्या शेडवरून उडी मारली होती. यात धीर येण्यासारखं काही नव्हतं. त्याचा तो गुडघा अजून वाजतो.

सकाळपर्यंत तिचा निश्चय झाला. पोरीच्या डोळ्यांसमोर एकदा तरी काहीतरी बेधडक करायचं. म्हणजे आपली आई बिनधास्त आहे हे तिला दिसेल, आणि तिची भीती मुळासकट उपटली जाईल.

आता बेधडक म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न होता. ती एका विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात काम करायची. लोकांना कसं आणि काय काय होऊ शकतं, हे तिच्याइतकं क्वचितच कुणाला तोंडपाठ असेल. कुंडी डोक्यावर पडून, सोफ्यावरून रिमोट उचलताना, वाढदिवसाच्या केकवरची मेणबत्ती विझवताना, सगळ्या प्रकारची माणसं तिच्या टेबलावरून गेली होती. त्यामुळे पोहणं, सायकल, झाडावर चढणं वगैरे गोष्टी तिनं नाश्त्याच्या आतच रद्द केल्या.

वाट दाखवली ती शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीनं. ही बाई स्वतःचा साबण स्वतः करते आणि ते सगळ्यांना सांगते. ती म्हणाली, उन्हातला चहा कर. रानफुलं तोडून आणायची, काचेच्या बरणीत पाणी घालून त्यात टाकायची, बरणी दिवसभर उन्हात ठेवायची. झाला चहा.

"आणि गॅस?"

"गॅस लागतच नाही."

तिथंच तिचं मन जडलं. ज्या धाडसात गॅस लागत नाही, ते धाडस तिच्या मापाचं होतं.

शनिवारी संध्याकाळी मायलेकी इमारतीमागच्या रिकाम्या प्लॉटवर गेल्या. प्लॉट कुणाचा हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्यामुळे तिथं गवत आणि फुलं अगदी मोकळेपणानं वाढली होती. पिवळी फुलं होती, सूर्यफुलाची धाकटी जाऊ शोभावी अशी. जांभळी होती, नाकात घालण्याएवढी बारीक. (ही उपमा मनात येताच तिनं खारूला नाकात काही घालायचं नाही, असं सांगून टाकलं.) आईनं भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले होते. खारूला पूर्ण बाह्यांचा सदरा, मोजे, बूट आणि टोपी. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, या दोघी मधमाश्यांचं पोळं काढायला निघाल्यात.

मग निवड सुरू झाली. रस्त्याकडेची फुलं नकोत, त्यांवर गाड्यांचा धूर. पायवाटेजवळची नकोत, तिथं कुत्री येतात. किडे बसलेली नकोत, कारण किडे. आणि किडे न बसलेली तर मुळीच नकोत, कारण किडे का बसत नाहीत? त्यांना काहीतरी माहीत असणार. या हिशेबानं प्लॉटभर शोधून झाल्यावर जेमतेम मूठभर फुलं उरली. फोनमधल्या ॲपला तिनं त्यांचे फोटो दाखवले. ॲपनं तेच पिवळं फूल एकदा औषधी ठरवलं, एकदा विषारी ठरवलं, आणि तिसऱ्यांदा कोपऱ्यात खारूचा पाय आला म्हणून ठामपणे सांगितलं की हा बूट आहे.

या सगळ्या वेळात खारू गवतात शांत बसून होती. फार शांत. आईला वाटलं, बिचारी बिचकलीय. मग तिनं स्वतःच्या आवाजात जबरदस्तीनं मौज आणली.

रविवारी सकाळी फुलांना आंघोळ घालण्यात आली. आधी मिठाच्या पाण्यात, मग व्हिनेगरच्या पाण्यात, मग व्हिनेगरचा वास जाईना म्हणून उकळून गार केलेल्या पाण्यात. बरणी तर तिनं डॉक्टरांच्या सुयांसारखी उकळली. (हो, गॅसवर. धाडसाच्या तयारीला गॅस चालतो, असं तिनं ठरवलं होतं.) शेवटच्या आंघोळीतून फुलं बाहेर आली तेव्हा पिवळी कोणती नि जांभळी कोणती, हे त्यांच्या आईलाही सांगता आलं नसतं.

बरणी ठेवायची कुठं? बाल्कनीच्या कठड्यावर ऊन उत्तम होतं, पण कठड्यावरून बरणी खाली एखाद्याच्या टाळक्यात पडली तर? अशी एक फाइल तिनं स्वतः हाताळली होती. म्हणून बरणी बैठकीच्या खोलीत, जमिनीवर, खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या चौकटीत ठेवली. ऊन सरकेल तशी बरणी सरकवायची. नवरा पेपर वाचत सोफ्यावर बसला होता. तासाभरात त्याचे पाय दोनदा उचलवून झाले. लग्नाला सात वर्षं झाली की माणूस पाय उचलायला शिकतो.

आणि मग तिनं जे कधीच करू नये ते केलं. तिनं फोनवर आणखी वाचलं. कुणीतरी लिहिलं होतं की कोमट पाण्यात जंतू वाढतात, आणि उन्हातला चहा म्हणजे शेवटी कोमट पाणीच. तिच्या पायाखालची फरशी सरकली. तिनं बरणी उचलली, पाणी फुलांसकट पातेल्यात ओतलं, खळखळून उकळलं, गाळलं, फुलं फेकली आणि उरलेलं पुन्हा बरणीत भरून उन्हात नेऊन ठेवलं.

"आता उन्हात कशाला?" नवऱ्यानं विचारलं.

"नावाला," ती म्हणाली.

बरणीत आता स्वच्छ, पारदर्शक, नळालासुद्धा लाज वाटेल असं पाणी होतं. खारूनं उकिडवं बसून आत पाहिलं आणि फुलं कुठं गेली म्हणून विचारलं. आईनं तिला समजावलं की फुलांचा गुण पाण्यात उतरलाय. बेधडकपणाचं एवढं मोठं प्रात्यक्षिक, आणि त्यातून निघालं काय, तर उकळलेलं पाणी. डोळे पुसायला ती न्हाणीघरात गेली. (नवऱ्याला सांगितलं, हात धुवायला.)

परत येऊन बघते तर बरणीतल्या पाण्याला सोनेरी रंग चढला होता.

तिचा विश्वास बसेना. खारूला तिनं हाक मारून दाखवलं, फुलांचा गुण म्हणजे काय ते. नवरा पेपरात खोल शिरला होता. तेवढ्यात सासूबाई आल्या. त्या दोन गल्ल्या सोडून राहायच्या. शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेल्या, अजूनही चालताना मनातल्या मनात शिट्टी वाजवतात असं वाटायचं. खारूला रोज दुपारी शाळेतून आणायचं काम त्यांचं. तीन मुलगे त्यांनी वाढवले, आणि कसे, असं विचारलं तर म्हणायच्या, जेवायला घरी यायचे की.

त्यांनी बरणीकडे बघून कसली फुलं म्हणून विचारलं. सुनेनं प्रामाणिकपणे सांगितलं की नाव कळलेलं नाही.

"नाव कशाला लागतंय? त्यांना पत्र थोडंच पाठवायचंय," सासूबाई म्हणाल्या आणि कपासाठी हात पुढे केला.

पण आईनं नियम घालून दिला होता. आधी ती स्वतः पिणार. मग वाट बघायची. काही झालं नाही तर नवरा, मग सासूबाई, आणि सगळ्यात शेवटी खारू. तिनं कप उचलला. खारू टक लावून बघत होती. पोरीनं आयुष्यभर हा क्षण लक्षात ठेवावा अशा थाटात आईनं घोट घेतला, मग दुसरा, आणि कप रिकामा केला. चव चक्क ओळखीची होती.

मग ती खुर्चीत बसली आणि वाट बघू लागली. थोड्याच वेळात छातीत धडधडू लागलं. तळहात ओले झाले. तोंडाला कोरड पडली. डाव्या कानात बारीक गुणगुण. तिनं नवऱ्याला हळूच, पोरीला कळणार नाही अशा बेतानं, लक्षणं सांगितली.

"हे तर तुला रोज सकाळी ऑफिसला जाताना होतं," तो म्हणाला.

"गाडी काढ," ती म्हणाली. "आणि बाटलीत थोडा चहा घे. डॉक्टरांना दाखवायला लागेल."

ती खरोखरच उठून चपला शोधायला लागली, तेव्हा नवऱ्यानं पेपर खाली ठेवला. चेहरा शेजाऱ्याची काच फोडलेल्या पोरासारखा. त्यानं कबूल केलं, ती न्हाणीघरात रडतेय हे त्याला दाराबाहेर ऐकू आलं होतं. राहवलं नाही. त्यानं बरणीत डब्यातली टी-बॅग बुडवली आणि रंग आल्यावर काढून घेतली. साधी टी-बॅग. दुकानातली. तो रोज पितो तीच.

आईच्या कानातली गुणगुण तेवढ्यात थांबली, हे तिच्या लक्षात आलं आणि त्याचा तिला फार राग आला.

"म्हणजे फुलांची चव आलीच नाही?" खारूनं विचारलं.

"नाही गं."

"येणारच नाही," खारू समजुतीच्या सुरात म्हणाली. "तू धुतलीस ना. धुतली की गोड लागत नाहीत. आम्ही तशीच खातो."

सासूबाईंना एकदम खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसलं.

हळूहळू सगळं बाहेर आलं. शाळेतून येताना आजी-नात प्लॉटवरून यायच्या. पिवळ्या फुलाचा देठ ओढायचा आणि मागून चोखायचं. जांभळी अख्खीच खायची. रोज. पावसाळ्याआधीपासून. शिवाय प्लॉटच्या टोकाला कठडा पडलेला आहे, त्यावरून उडी मारायची; आजी आधी, मग खारू. कालही, आई फुलांचे फोटो काढत होती तेव्हा, गवतात बसून खारूनं पोटभर खाऊन घेतलं होतं.

आईनं चपला शोधायचं सोडून दिलं. "मग त्या दिवशी घसरगुंडीवर? तू विचारलंस ना, कुणी तपासलंय का म्हणून?"

"ते तुझ्यासाठी," खारू म्हणाली. "तू खाली उभी होतीस. मी विचारलं की तुला बरं वाटतं."

सासूबाईंनी पाठ न वळवताच बारीक आवाजात पुस्ती जोडली की पोरगी आजीबरोबर असते तेव्हा काही विचारत नाही, थेट सुटते.

आईच्या घशाशी बरंच काही आलं. कुत्री, धूर, किडे, पडका कठडा, सासूबाईंचं वय, जवळच्या दवाखान्याचा नंबर. सगळं रांगेनं उभं होतं, आणि पहिला शब्द तर जिभेच्या टोकावर आला होता. तेवढ्यात तिला दिसलं की खारू तिच्याकडे अगदी सांभाळून बघतेय, भरलेल्या कपाकडे बघावं तशी. ज्या पोरीला आपली भीती लागली म्हणून ती रात्रभर जागली होती, ती पोर उलट आईच्याच भीतीला चुचकारत, जपत, हाताला धरून चालवत होती.

तिनं तो पहिला शब्द गिळला. मग दुसरा. हे काम रानफुलांच्या चहापेक्षा कितीतरी जड होतं आणि कुणाला दिसतही नव्हतं. ती खाली बसली, हात मांडीवर ठेवले आणि तिला स्वतःलाही अनोळखी वाटलेल्या आवाजात म्हणाली, "बरं. छान आहे की. उद्या मलाही नेशील?"

नवरा सोफ्यावरून अर्धवट उठला. सासूबाई खिडकीकडून वळल्या. खारू जवळ आली, आईच्या कपाळाला हात लावून बघितलं, एक डोळा बोटांनी उघडून आत नीट पाहिलं. मग रिकामा कप उचलून वास घेतला आणि बापाकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाली,

"बाबा, तू चहात काय घातलंस ते खरं सांग. आई ओरडत नाहीये."