सगळ्या कोलकात्याची चकली

"यंदा फराळाची काळजी कोणी करायची नाही, आमची मृणाल आहे!" असं मी मंडळाच्या बैठकीत छातीठोकपणे सांगून आले. कोलकात्यातल्या आम्हा मराठी घरांचा दिवाळीचा फराळ खिदिरपूरच्या सरलाबाई करतात. नोंदणी फोनवर, त्यामुळे दरवर्षी कोणाचे लाडू कोणाच्या घरी जातात. माझी सून मृणाल न्यू टाउनला एका कंपनीत प्रोग्राम लिहिते. ती नोंदणीचा प्रोग्राम करणार होती. लग्न होऊन आल्यापासून मंडळात तिला सगळ्या 'अजेयची बायको' म्हणत. हे काम नीट झालं असतं, तर पोरीला नाव मिळालं असतं.

"चाचणीत खरा डेटाबेस, म्हणजे मागण्यांची खरी वही, वापरत नाहीत, आई," तिनं मला समजावलं. "प्रोग्रामच्या हातात बाहेरून खोटा द्यायचा. काहीही विचारलं तरी तो ठरलेलं एकच उत्तर देतो."

"म्हणजे भातुकलीतला भात."

"तसंच. उत्तर काय ठेवू?"

मी पन्नाशीनंतर लिहायला शिकले, त्यामुळे स्वतःचं नाव उमटवायची संधी सोडत नाही. एका बोटानं टाइप केलं: शैला, बालीगंज, चकली एक किलो. पडद्यावर सगळ्या चाचण्या हिरव्यागार झाल्या.

"आता खोटा काढून खरा जोडते. एकच ओळ बदलायची आहे."

"आमटी गार होतेय. आधी जेव."

बिचारी उठली. जेवल्यावर माहेरचा फोन आला आणि ती ओळ राहिली ती राहिलीच. प्रोग्राम तसाच सुरू झाला.

दिवाळीच्या तोंडावर सरलाबाईंचा फोन. "शैलाताई, तुमची चकली जरा जास्त नाही का होत?"

मी किलोभरच सांगितली होती. "सणाला जास्त कसली? करा बिनधास्त."

"घरात लग्नबिग्न आहे का?"

"तसंच समजा," मी रुबाबात म्हणाले.

धनत्रयोदशीला बेल वाजली. माणसानं डबा दिला. दार लावतेय तोच दुसरा डबा. तिसऱ्याला तो म्हणाला, "मासीमा, नीचे और भी है." दुपारपर्यंत चकली सोफ्यावर, पलंगावर, वॉशिंग मशीनवर. अजेय आंघोळीला गेला होता, तो दारापुढच्या डब्यांमुळे आतच अडकला.

मग मंडळाच्या अध्यक्षांचा फोन. "शैलाताई, माझे अनारसे कुठायत? जावयाचा पहिला दिवाळसण आहे."

"तुमचाही डबा आमच्याकडेच आलेला दिसतोय, विजयाताई. पण त्यात चकली आहे."

"आणि मंजुषाचे लाडू?"

"चकली."

"शकुनची शंकरपाळी?"

"सगळ्या कोलकात्याची चकली आहे हो."

मृणालला एका क्षणात सगळं कळलं. "आई, आता मंडळात तोंड कसं दाखवू?"

दाखवावंच लागलं, कारण संध्याकाळी अख्खं मंडळ डबे न्यायला आमच्या घरी! बसायला जागा नव्हती. "खोटा डेटाबेस काढायचा राहिला, चूक माझी," मृणाल सरळ म्हणाली. आमटीचं मी सांगून टाकलं. मग तिनं सगळ्यांसमोर खरा जोडला, एकेकीची मागणी नव्यानं घेतली, सरलाबाईंना पटवलं. विजयाताईंचे अनारसे पाडव्याला नक्की झाले. तोवर त्यांच्याबरोबर आलेल्या जावयानं चकलीचा अर्धा डबा संपवला होता.

"मृणाल, माझी शंकरपाळी बघ गं."

"मृणाल, पुढच्या वर्षी पण तूच हं."

मला भरून आलं. मी पदर सावरून उभी राहिले. "मी म्हटलंच होतं, सून कोणाची..."

"आई," मृणाल गॅलरीतून म्हणाली, "खाली अजून एक टेम्पो आलाय."