दारातली निळी खुर्ची

कॅझची गाडी आईच्या गल्लीतून सहाव्यांदा गेली, तेव्हा मागच्या सीटवरून पेज म्हणाली, "बाबा, त्या झाडावरची खार आता आपल्याला ओळखायला लागलीये."

कॅझ हसला नाही. ॲरिझोनाहून तीन दिवस गाडी हाणत तो बायको-मुलीला आपलं शिकागो दाखवायला आला होता आणि त्याच शिकागोत त्याला गाडी लावायला वीतभर जागा मिळत नव्हती. मंगळवारी गुडघाभर बर्फ पडलेला. लोकांनी फावड्याने उपसून रस्त्याकडेला जागा केल्या होत्या आणि प्रत्येक जागेत काहीतरी मांडलं होतं. कुठे स्टूल, कुठे इस्त्रीचं टेबल.

"उचल ना एखादी खुर्ची!" लोरेटा वैतागली. "कोण बघतंय?"

"कोण बघतंय? अख्खी गल्ली पडद्याआडून बघत असते! ज्याने बर्फ उपसला त्याची जागा. खुर्ची हलवली की गाडीवर बादलीभर पाणी ओततात. सकाळी गाडीचा बर्फाचा गोळा!"

बर्फाचा गोळा त्याने एक वेळ सोसला असता. पण गाव सोडून आठ वर्षं झाली होती आणि आई दर फोनवर टोमणा मारायची, "तू काय बाबा, आता वाळवंटवाला." निदान पेजसमोर तरी आपल्याला कुणी परका म्हणू नये, एवढीच त्याची धडपड होती.

नेमकी आईच्या दारासमोरच एक लख्ख उपसलेली जागा होती. मधोमध स्वयंपाकघरातली निळी खुर्ची, एका पायाला तार गुंडाळलेली. कॅझने तिच्याकडे आशाळभूतपणे पाहिलं आणि गाडी पुढे काढली.

शेवटी अकरा चौक लांब जागा मिळाली. उन्हाळी बुटांत पचपच करत, केक सांभाळत तिघं तिसऱ्या मजल्यावर पोचले, तेव्हा त्याची आई, हलिनाबाई, पिएरोगींचं, म्हणजे बटाटा भरलेल्या पोलिश करंज्यांचं, ताट घेऊन दारातच उभी होती.

"पिएरोगी दोनदा गरम केल्या! गाडी कुठाय?"

"अकरा चौक लांब," कॅझ जरा छाती काढूनच म्हणाला. "तुझ्या दारात कुणाची तरी खुर्ची आहे. मी हात लावला नाही!"

"कुणाची तरी?" हलिनाबाईंनी कपाळावर हात मारला. "अरे गाढवा, तुझी खुर्ची ती! तिसरीत असताना झुलून झुलून पाय मोडलास तिचा. तीन दिवस जागा अडवून ठेवलीये तुझ्यासाठी!"

पेज खो खो हसत सुटली. कॅझचा चेहरा पडला. सगळे नियम पाठ आणि स्वतःची खुर्ची ओळखता आली नाही! तो तसाच उलट्या पावली अकरा चौक गेला, गाडी घेऊन आला आणि उतरून त्याने निळ्या खुर्चीला हात घातला.

"ए ॲरिझोना!" गाडीच्या नंबरप्लेटवरचं नाव वाचून समोरच्या घरातून फावडं घेऊन एक दांडगा म्हातारा धावत आला. "ठेव ती खाली!"

"अहो, हलिनाबाईंचा मुलगा मी!"

"हलिनाचा मुलगा शिकागोचा आहे. असले बूट घालून बर्फात येईल होय? मी, बोगदानने, स्वतः उपसलीये ही जागा त्याच्यासाठी. चल, फूट!"

कॅझने बुटांकडे पाहिलं. वर पेज खिडकीच्या काचेला नाक लावून उभी होती. तिने हे सगळं पाहावं, यासारखी नामुष्की नव्हती.

धाडकन खिडकी उघडली. "बोगदान, सोड त्याला!" हलिनाबाई गल्लीभर ऐकू जाईल अशा ओरडल्या. "नंबरप्लेट परकी आहे, पोरगा माझाच आहे!"

दोन-चार पडदे हलले. बोगदानने कॅझला पुन्हा एकदा खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"आपलाच आहेस म्हणतोस?"

"आपलाच."

"मग धर," म्हणत त्याने फावडं कॅझच्या हातात दिलं. "माझ्या दारातला राहिलाय अजून."

कॅझने पिएरोगी तिसऱ्यांदा गरम करायला सांगितल्या आणि तो आनंदाने बर्फ उपसायला लागला.