फोटोतले आजोबा

आजोबा त्र्याण्णव वर्षांचे. न्हाणीघरात पाय घसरला, डोक्यात रक्त साकळलं आणि कवटीला भोक पाडून ते काढण्यात आलं. दुसऱ्या सकाळी आजोबा पलंगावर उठून बसले, शर्टाचं चुकलेलं बटण नीट लावलं आणि नातीला म्हणाले, "भूक लागलीय गं."

ही बाब गंभीर होती. कारण तोवर मेंदूचा फोटो आला होता. मेंदू आक्रसलेला, भोवती पाणी, वर हवेचा बुडबुडा. फोटो वाचणाऱ्या डॉक्टरांनी शेरा मारला होता : रुग्ण शुद्धीवर असण्याची शक्यता नाही.

"बेशुद्ध रुग्णाला तोंडानं काही देता येत नाही," वॉर्डच्या डॉक्टरांनी नातीला समजावलं.

"अहो, पण ते बोलताहेत!"

"फोटोत तसं काही दिसत नाही."

"मग बोलतंय कोण?" आजोबांनी विचारलं.

"ते तपासावं लागेल," डॉक्टर म्हणाले आणि दुसरा फोटो काढायला सांगितला. त्यासाठी आजोबा आपल्या पायांनी चालत गेले. बेशुद्ध रुग्ण चालतो हे लक्षण नवंच असल्यामुळे तज्ज्ञांची समिती बसली. म्हणजे पलंगाकडे पाठ करून स्क्रीनसमोर उभी राहिली. आजोबा मागून डोकावले.

"कोणाचं हो हे?"

"आहेत एक म्हातारे गृहस्थ. अवघड दिसतंय."

"अरेरे! घरचं कोणी आहे का बिचाऱ्याला?"

"नात आहे. पण ऐकत नाही."

"लहानपणापासून तशीच आहे ती," आजोबा म्हणाले.

समितीनं एकमतानं डोकं पुन्हा उघडायचं ठरवलं. नात धावत जाऊन ऑपरेशन करणाऱ्या सर्जनबाईंना घेऊन आली. बाईंनी आजोबांना दोन्ही हात वर करायला सांगितले. त्यांनी केले, वर टाळीही वाजवली.

"अहो, या वयात मेंदू आक्रसतोच," बाई समितीवर कडाडल्या. "ऑपरेशननंतर थोडी हवा राहते, ती आपोआप जिरते. फोटोबरोबर माणूसही बघत चला!"

समितीनं माना डोलावल्या. एकानं नम्रपणे विचारलं, "माणूस कुठल्या स्क्रीनवर दिसेल, मॅडम?"

आजोबा घरी आले आणि पोटभर जेवले. तोवर एका उत्साही जावयानं तो फोटो मोबाइलवरून साऱ्या गोतावळ्यात धाडला होता. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. दार आजोबाच उघडत, पाणीही तेच आणून देत. मंडळी मोबाइलभोवती कोंडाळं करून चुकचुकत.

"केवढी पोकळी! ओळखतात का हो कोणाला?"

"ओळखतो की!" आजोबा म्हणाले.

"शू! हळू बोला, घरात आजारी माणूस आहे."

त्या कोंडाळ्यात तुम्हीही होतात. पाण्याचा पेला वर न बघताच हातात घेतलात आणि म्हणालात, "फोटो जरा मोठा करून दाखवा ना!"