एका बायकोचे दोन अर्ज

“वकिलाकडे जा,” असं मला तीन जणांनी सांगितलं आणि तिघांनाही मी हसून वाटेला लावलं. अहो, पंपाच्या कारखान्यात खरेदी खात्यात सतरा वर्षं काढलेला माणूस मी! आयुष्यात जेवढे फॉर्म मी भरलेत तेवढे त्या वकिलाने पाहिलेसुद्धा नसतील. बायकोला इथे परदेशात कायमचं राहायला आणायचं, त्यासाठी नवरा म्हणून आपण प्रायोजक व्हायचं, एवढंच ना? चार फॉर्म, आठ फोटो, बारा सह्या. रविवारी दुपारी जेवून बसलो तर चहापर्यंत उठेन, असं मी छातीठोकपणे सांगून टाकलं होतं.

बायको तेव्हा पाहुणी म्हणून आलेली. सहा महिन्यांचा परवाना, त्यातले दोन संपलेले. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि त्यातलं सव्वा वर्ष आम्ही फोनवर काढलं होतं. त्यामुळे आता तिने जाऊच नये, असं मला फार वाटत होतं. (तिला काय वाटत होतं, हे मी विचारलं नव्हतं. ते पुढे येईलच.)

तर रविवारी बसलो. पहिल्याच पानावर गाडी अडली. अर्ज इथून करणार की तिकडून?

इथून केला तर ती माझ्याजवळ राहणार, पण निकाल लागेपर्यंत, म्हणजे वर्ष-दीड वर्ष, देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही. टाकलं की अर्ज बाद! तिकडून केला तर ती ये-जा करायला मोकळी, पण राहायचं तिने आपल्या आईकडे आणि मी इथे एकटा.

“अहो, मी काय म्हणते,” बायको कांदा चिरता चिरता म्हणाली, “आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन—”

“थांब गं, हिशोब चुकेल!”

“तारीख मिळालीय तिला. दोन महिन्यांनी. तिचं करायला दुसरं कोणी—”

“बघू ना आपण मागाहून! आधी हे तर मार्गी लागू दे.”

ती पुन्हा कांदा चिरू लागली. मला वाटलं, पटलं. कांद्याने डोळ्यांना पाणी येतंय, असंही वाटलं. माझ्यासारखा बैल शोधून सापडायचा नाही.

इथे आमच्या खात्यातली एक खुबी सांगायला हवी. एखादा सुटा भाग तातडीने हवा असेल, तर आम्ही दोन पुरवठादारांना एकदम ऑर्डर देतो. ज्याचा माल आधी आला तो ठेवायचा, दुसऱ्याला ‘क्षमस्व’ कळवायचं. संगणक मात्र एकाच वस्तूची दुसरी ऑर्डर अडवतो. मग काय करायचं? वस्तूचं वर्णन बदलून टाकायचं! एकीकडे ‘रबरी कडं, काळं’ आणि दुसरीकडे ‘कडं, काळं, रबरी’. या युक्तीवर मी सतरा वर्षं पगार खाल्लाय. कारखान्यात मला ‘डबल’ म्हणतात ते काय उगीच?

आलं का लक्षात? नाही आलं तर तुम्ही माझ्यापेक्षा शहाणे आहात.

इथून करायच्या अर्जात मी बायकोचं लग्नानंतरचं नाव घातलं आणि नवा पासपोर्ट जोडला. तिकडून करायच्या अर्जात माहेरचं नाव आणि जुना पासपोर्ट. दोन्ही नावं खरी, फोटो खरे, माणूस खरा. खोटं एक अक्षर नाही! हां, पत्रं तेवढी दोन लिहावी लागली. एकात लिहिलं की आम्ही एका छपराखाली सुखाने नांदतोय. दुसऱ्यात, ती तिकडे आणि मी इकडे, तर माझी काय दशा झालीय ते लिहिलं. त्या दुसऱ्या पत्राला मला तीन संध्याकाळी लागल्या, पण जमून आलं होतं.

जिथे सही हवी तिथे पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवून सगळा गठ्ठा बायकोपुढे ठेवला.

“एवढ्या सह्या?” ती म्हणाली.

“सरकारी काम आहे बाई! वाचत बसू नकोस, वाचलंय मी सगळं.”

तिने विश्वासाने चोवीस सह्या केल्या. दोन्ही लिफाफे मी दोन वेगळ्या कचेऱ्यांना धाडले आणि येताना स्वतःवर खूश होऊन केस कापून आलो.

तीन आठवड्यांनी मी कारखान्यातून घरी आलो, तर बायको दारातच उभी. हातात एक उघडलेलं पत्र आणि चेहरा असा, की मी चपला काढायच्या की नाही या विचारात पडलो.

“वाचा,” ती म्हणाली.

मी वाचलं. ‘आपण सध्या आणखी एका महिलेस पत्नी म्हणून प्रायोजित केल्याचे आमच्या नोंदीवरून दिसते. गोपनीयतेच्या नियमानुसार सदर महिलेचे नाव देता येत नाही. खुलासा करण्यासाठी समक्ष हजर राहावे.’

आता माझी अक्कल बघा! ते वाचून क्षणभर मलाच धक्का बसला. कोण असेल ही बया, असं मी चक्क आठवून पाहिलं!

“आठवताय काय?” बायको किंचाळली. “एवढ्या आहेत की आठवाव्या लागतायत?”

“अगं, नाही गं—”

“आणि हे काय आहे?” तिने दुसरा कागद नाचवला. माझ्या टेबलाचा खण उपसून तिने पत्राचं कच्चं लिखाण बाहेर काढलं होतं. नशीब बघा, त्यात नाव कुठेच नव्हतं, नुसतं ‘माझी पत्नी’. ती मोठ्याने वाचायला लागली. “‘ती फोनवर बोलताना घरभर येरझारा घालते, तो पावलांचा आवाज ऐकण्यासाठी मी काहीतरी बोलणं काढून फोन लांबवतो. सकाळी सवयीने दोन कप चहा करतो आणि एक ओतून देतो. तिच्यावाचून मला अन्न गोड लागत नाही.’ अन्न गोड लागत नाही? काल दोनदा वाढून घेतलंत!”

“अगं, ती तूच आहेस!”

“मी इथे आहे!”

“हो, पण कागदावर तिकडे आहेस.”

तिने तडक आईला फोन लावला. आवाज मोठा ठेवला, म्हणजे मलाही ऐकू यावं.

“आई, ह्यांची दुसरी बायको निघाली!”

पलीकडे भांडं पडल्याचा आवाज आला. मग सासूबाई म्हणाल्या, “जावईबापूंना दे.”

“बोला आई,” मी घसा साफ करत म्हणालो.

“खरं सांगा. कुठे राहते ती?”

आणि मी, खरं सांगायचं ठरवलेला माणूस, म्हणालो, “तुमच्याकडे.”

“माझ्याकडे?” सासूबाई हळूच म्हणाल्या. “अहो, माझ्याकडे मी आणि मांजर. काठी घेऊन दारापर्यंत जायला मला पाच मिनिटं लागतात. माझ्या घरात कोणी राहत असतं, तर तिलाच म्हटलं नसतं का, जरा कडी काढ म्हणून?”

मग मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. दोन पुरवठादार, काळं रबरी कडं, माहेरचं नाव, सासरचं नाव. सगळं ऐकून सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला, “म्हणजे ती माझ्या ऑपरेशनला येणार की नाही?” मी बायकोकडे बघितलं. बायकोने फोन घेतला आणि आतल्या खोलीत गेली.

ती बाहेर आली तेव्हा माझं पत्र अजून तिच्या हातातच होतं.

“हे सगळं तुम्हाला माझ्याबद्दल वाटतं?”

“हो.”

“मग मी समोर असताना तोंडाला काय होतं तुमच्या? तीन महिने होत आले येऊन. ‘मीठ कमी आहे’ आणि ‘वाचत बसू नकोस’, याच्यापलीकडे काय बोललात माझ्याशी? त्या कागदावरच्या बाईची मजा आहे!”

सांगतो तुम्हाला, बायकोला स्वतःचाच मत्सर वाटावा अशी सोय करणारा नवरा पृथ्वीच्या पाठीवर मी एकटाच असेन. आणि तिचं म्हणणं शब्दन् शब्द बरोबर होतं, हे सगळ्यात वाईट.

हजर व्हायच्या दिवशी आम्ही दोघं त्या कचेरीत गेलो. छोटीशी खोली, एक टेबल, तीन खुर्च्या. टेबलापलीकडच्या अधिकारी बाई चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून आमच्या दोन फायली शेजारी शेजारी लावत होत्या. दोन्ही फायलींवर माझ्याच बायकोचे फोटो. एकीवर केस बांधलेले, एकीवर मोकळे. तोही वर्णन बदलण्याचाच भाग होता, काय सांगू!

“तुमची पत्नी आत्ता कुठे आहे?”

“ही काय, इथेच.”

“आणि ही?” त्यांनी दुसऱ्या फायलीवर बोट ठेवलं.

“तीही इथेच.”

बाईंनी चष्मा काढला. “म्हणजे दोन्ही अर्ज एकाच बाईचे. गृहस्था, अशाने दोन्ही फेटाळले जाऊ शकतात, कल्पना आहे तुम्हाला? मग यांना पुन्हा इथे यायलाही अडचण येईल. दोन अर्ज का केलेत?”

पाचावर धारण बसणं म्हणजे काय, ते मला त्या खुर्चीत कळलं. भीतीने डोकं चालेनासं झालं की माणूस जे पाठ आहे तेच बोलतो. मी बोललो. “त्याचं असं आहे बाई, आमच्याकडे दोघांना ऑर्डर देतात. ज्याचा माल आधी आला—”

‘माल’ म्हटलं आणि जीभ जागच्या जागी थिजली. शेजारी बायको बसलेली! बाईंचं पेन कागदावर टेकून थांबलं होतं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं. त्याच खोलीत, दोन बायकांच्या मध्ये, मला स्वतःचं सतरा वर्षांचं शहाणपण पहिल्यांदा कानांनी ऐकू आलं होतं.

“ह्यांना नीट सांगता येत नाही, मी सांगते,” बायको म्हणाली.

आता ही बोलणार, सगळं बोलणार! न विचारता भरलेले फॉर्म, न वाचू दिलेले कागद, आईचं ऑपरेशन काढलं की ‘बघू मागाहून’. मी मान खाली घातली. म्हटलं, बोल बाई, तुझा हक्कच आहे.

“माझ्या आईचं पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन आहे,” ती म्हणाली. “तिला दुसरं कोणी नाही. इकडे ह्यांनाही सोडवत नव्हतं. इथून अर्ज करू की तिकडून, माझं काही ठरेना. ह्यांनी मला एकदाही घाई केली नाही. म्हणाले, दोन्हीकडे करून ठेवू, तुझं ठरलं की एक मागे घेऊ. तसं चालत नाही, हे आम्हाला माहीत नव्हतं. चूक झाली.”

मी मान वर केली. ती माझ्याकडे बघत नव्हती.

“आणि आता ठरलं का?” बाईंनी विचारलं.

“हो. तिकडूनच. मी आईकडे जाते, निकाल लागेपर्यंत तिथे राहीन.”

“वर्ष लागेल. जास्तही.”

“लागू दे. ये-जा करता येईल ना?”

“येईल.” बाईंनी इथल्या फायलीवर ‘मागे घेतला’ असं लिहिलं आणि तिच्यापुढे सहीसाठी सरकवली. बायकोने ते पान वरपासून खालपर्यंत, सावकाश, एकेक ओळ वाचलं आणि मग सही केली. मग बाईंनी मला नवीन खरं पत्र लिहून आठ दिवसांत पाठवायला सांगितलं. यापुढे दोन नावं दिसली तर गाठ माझ्याशी आहे, असंही बजावलं.

आम्ही उठलो. दारापाशी पोचलो तेव्हा बाईंनी मला हाक मारली. मघाशी वाघिणीसारखं बघणारी ती बाई आता चक्क मायेने बघत होती.

“इतकी वर्षं या खुर्चीत बसतेय मी,” त्या म्हणाल्या, “इथे येणारे बहुतेक नवरे सगळं आपणच ठरवतात. बायकोला विचारतही नाहीत हो! तुमच्यासारखा एखादाच.”

बायकोने पदर तोंडाशी धरला. हसू लपवायला की काय, ते अजून मला सांगितलेलं नाही तिने.

आणि मी? मी काय करणार! “तेवढं तर करायलाच हवं ना बाई,” असं म्हणालो.

हो, म्हणालो मी तसं!