चिंतामणींचं नाक

अंबरनाथ एमआयडीसीत चिंतामणी कारखानीसांच्या नाकाला मान होता. रिटायर झाले तरी बेलवलीतल्या घराच्या गच्चीत उभं राहून, वारा सुटला की ते सांगत, आज कुठल्या प्लँटमध्ये काय शिजतंय. आणि बरोबर सांगत. गाडीतलं, इंजिन थंड ठेवणारं कूलंट उरलंय की नाही हे मात्र बॉनेट उघडून बघावं लागतं, आणि ते काम ते रविवारवर ढकलत आले होते.

त्या संध्याकाळी त्यांच्या पत्नीचं, वृंदाताईंचं, उल्हासनगरात गाणं होतं. याआधी त्या कुठेही गायल्या की चिंतामणी नेमके शिफ्टवर. या वेळी त्यांनी शब्द दिला होता, समोर बसून ऐकणार.

"रिक्षा करूया का? गाडीत कसला तरी लाल दिवा लागतोय," वृंदाताई म्हणाल्या.

"घरची गाडी असताना रिक्षा? तो दिवा उगाच लागतो."

पालेगावजवळ गोडसर वास आला. चिंतामणींनी काच खाली करून छातीभर श्वास घेतला. "ग्लायकॉल!" ते खूश होऊन म्हणाले. "कोणीतरी हवेत सोडतंय." लगेच जुन्या ज्युनियरला, दिपेशला, स्पीकरवर फोन.

"सर, त्या साइडला ग्लायकॉल कोणी वापरतच नाही."

"तुला नाकच नाही रे," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"अहो, वास आपल्याबरोबरच येतोय."

"वारा तिकडचाच आहे."

"आणि हा टेंपरेचरचा काटा?"

"एसी बंद केला की उतरेल."

काटा उतरला नाही. बॉनेटमधून वाफ निघाली, गाडीने दोन आचके दिले आणि भर रस्त्यात बसली. चिंतामणींनी बॉनेट उघडलं. कूलंटची बाटली कोरडी ठणठणीत. फुटक्या पाइपातून उरलेले थेंब तापलेल्या इंजिनावर पडून चरचरत होते. वास ग्लायकॉलचाच होता, कूलंटमध्ये तेच असतं; फक्त कंपनी त्यांची स्वतःची होती.

मागे ट्रक हॉर्न मारत होते. गाडी सोडून जाणं शक्य नव्हतं. वृंदाताईंनी रिक्षाला हात केला. ती वळणाआड जाईपर्यंत चिंतामणी बघत राहिले. आयुष्यात इतकं वाईट त्यांना क्वचितच वाटलं असेल.

टोइंगवाल्याने गाडी नेली तोवर कार्यक्रम संपला होता. वृंदाताई हातात गुच्छ घेऊन घरी आल्या.

"कसं झालं?" चिंतामणींनी खालमानेने विचारलं.

"छान झालं. पुढची एक खुर्ची तुमच्यासाठी रिकामी ठेवली होती. तिच्याकडे बघून गायले." त्यांनी गुच्छ टेबलावर ठेवला. "जड नाही गेलं. इतकी वर्षं तशीच तर गातेय."