अकरा रिकामे डबे

त्या शनिवारच्या व्यवहारात सलिलला मिळायचं होतं ते एवढंच: स्वयंपाकघरातला, खिडकीशेजारचा, दोन हात लांबीचा एक कप्पा. पण त्या कप्प्यावर त्याची कॉफी अवलंबून होती. ऑफिसच्या दसऱ्याच्या सोडतीत त्याला कॉफीचं यंत्र लागलं होतं. खराडीच्या त्या ऑफिसात इतकी वर्षं घासून फुकट मिळालेली ही पहिली वस्तू. ती अजून खोक्यासकट पलंगाखाली होती, कारण ओट्यावर जागा नव्हती, आणि बायकोच्या, म्हणजे हेमाच्या, ओट्यावर जागा नसते म्हणजे नसतेच.

"तो कप्पा रिकामा झाला तर ठेव तिथं," हेमा म्हणाली होती. "पण वसुबारसेपर्यंत. नाहीतर शुभंकरकडे जाईल. त्यानं विचारलंय दोनदा."

शुभंकर हेमाचा धाकटा भाऊ. त्याने एकदा विचारलेली वस्तू घरात राहिल्याचा दाखला नव्हता, इथे तर दोनदा.

कप्प्यात काय होतं? दुसऱ्यांचे डबे. धायरीतल्या त्या चार मजली सोसायटीत गणपतीपासून कोजागिरीपर्यंत मोदक, खिरापत, नवरात्रातली खीर आणि मसाला दूध या दारातून त्या दारात फिरत असतं. ते ज्या स्टीलच्या डब्यांतून फिरतं, त्यांतले अकरा या घरी मुक्कामाला होते. एकेकावर नाव कोरलेलं. एकावर तर ‘चि. सौ. कां. दुर्गास विवाहानिमित्त मामाकडून’ असं होतं. त्या चि. सौ. कां. दुर्गा म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दुर्गाबाई, वय वर्षं ऐंशी.

शनिवारी सकाळी हेमा येरवड्याला निघाली. तिच्या वडिलांचं, दीनानाथरावांचं, आदल्या दिवशी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. दवाखान्यात पुन्हा दाखवून त्यांना आठ दिवसांसाठी इकडे आणायचं होतं.

"फोन बंद असेल माझा," ती चप्पल घालताना म्हणाली. "तू तेवढी जळमटं काढून ठेव. बाकी कशाला हात लावू नकोस."

जळमटं तशीच राहिली. सलिलने हिशेब केला. अकरा डबे, दहा घरं, एक कप्पा. कोणी न सांगता, कोणाला न विचारता, सगळं देणं एका फेरीत चुकतं. त्याने डबे घासले, पुसले आणि भाजीच्या दोन पिशव्यांत भरले. हेमाला आठवडा लागला असता असं काम आपण वीस मिनिटांत उरकणार, या विचाराने त्याचा ऊर भरून आला होता.

अडचण एकच होती. त्याच्या ऑफिसचं काहीतरी त्याच दिवशी सुरू व्हायचं होतं आणि ते सुरू होत नव्हतं. कानात फोनचं यंत्र होतं आणि त्या यंत्रातून परदेशातले चौघे जण आळीपाळीने त्याला फैलावर घेत होते. त्यामुळे तो दहा घरांच्या दारात उभा राहिला तो एक अक्षर न बोलता. बेल वाजवायची, पिशवीतून डबा काढायचा, हातात द्यायचा, दोन्ही हात जोडायचे आणि मान खाली घालून निघायचं. चेहरा, ज्याची कानात खरडपट्टी चालली आहे अशा माणसाचा.

परत येऊन त्याने कप्पा मोजला. कॉफीचं यंत्र बसून वर दोन बोटं जागा उरत होती. मग तो आतल्या खोलीत, दार लावून, खरडपट्टीच्या उत्तरार्धाला बसला.

इकडे दुर्गाबाईंनी डबा उघडला. आत काही नव्हतं. त्यांनी चष्मा लावून पुन्हा पाहिलं. मग बोट फिरवून पाहिलं. साखरेचा कणसुद्धा नाही.

आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, हा काही सोसायटीच्या नियमावलीतला नियम नाही. नियमावलीतले नियम लोक मोडतात. हा कोणी मोडत नाही. काहीच नसेल तर चिमूटभर साखर घालतात, पण घालतात. आणि हेमा तर त्या बाबतीत सोसायटीची रिझर्व्ह बँक होती.

दुर्गाबाई काठी टेकत समोरच्या रुपालीकडे गेल्या.

"तुझा आला?"

"आला की, आजी. रिकामा."

"विसरून काही तळाशी?"

"छे हो. चकचकीत. मला वाटलं माझ्यावर राग आहे हेमाताईंचा. परवा पाण्यावरून थोडं झालं ना..."

"सगळ्यांवर एकाच दिवशी राग येत नाही. बोलला काही?"

"काही नाही. नुसते हात जोडले. डोळे कसे लाल होते बिचाऱ्याचे."

एवढ्यात सोसायटीचे सचिव अनंतराव जिन्यावरून खाली आले. त्यांच्या हातात दोन डबे होते, दोन्ही रिकामे. "हा काय प्रकार आहे? कळलं का आपल्याला?"

दुर्गाबाईंनी डोळे मिटले. ऐंशी वर्षांचा अनुभव कामाला लागला होता.

"एखादा रिकामा आला तर विसरली. दोन आले तर कंटाळली. घरातले सगळे डबे धुऊन रिकामे परत येतात, ते सुतकात. सुतकातल्या घरचं अन्न बाहेर देत नाहीत. हेमाचे वडील कुठे असतात?"

"येरवड्याला," रुपाली म्हणाली. "काल ऑपरेशन होतं त्यांचं."

"कशाचं?"

"डोळ्याचं, म्हणाल्या होत्या."

"म्हणायला डोळ्याचं असतं गं."

अनंतरावांनी हेमाला फोन लावला. बंद होता. आता यापेक्षा वेगळा पुरावा काय हवा?

"लेकीला तीन दिवस असतं," दुर्गाबाईंनी निकाल दिला. "त्या घरात आज चूल पेटायची नाही. पिठलं-भात मी करते. आणि कोणी त्याला काही विचारायचं नाही. आपण होऊन सांगेल तेव्हा सांगेल."

यानंतर जे झालं त्याने कोणीही थक्क व्हावं. गळक्या टाकीवर या सोसायटीचं सलग सहा सभांत एकमत झालेलं नाही. पाणी कोणाचं, पार्किंग कोणाचं, यावर इथली माणसं दोन दोन वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. पण तासाभरात दहाही घरांतून कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या. न बोलणाऱ्या घरांनीसुद्धा मध्ये माणूस घालून ठरवलं की तू वरण कर, मी पोळ्या करते. फाटकाजवळच्या फळ्यावर अनंतरावांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘सौ. हेमाताई यांचे वडील श्री. दीनानाथ यांचे दुःखद निधन. फोन करून त्रास देऊ नये. पिठलं एका घरून ठरले आहे. इतरांनी कृपया पिठलं आणू नये.’

सलिलच्या दाराची बेल वाजली. त्याने कानात यंत्र तसंच ठेवून दार उघडलं. समोर रुपाली, हातात डबा.

"काही बोलू नका. गरम आहे तोवर खाऊन घ्या," ती म्हणाली आणि निघून गेली.

पाच मिनिटांनी पुन्हा बेल. मुगाची खिचडी. मग मेतकूट-भात. मग तिसऱ्या मजल्यावरचे, गेल्या गणपतीपासून त्याच्याकडे न पाहणारे गृहस्थ आले, मटकीची उसळ देऊन, खांद्यावर हात ठेवून गेले. सलिल चकित झाला. आपण डबे वेळेवर परत केले याचं या लोकांना एवढं कौतुक? की ऑफिसात आपली काय गत चालली आहे ते कळलं यांना? शेवटी दुर्गाबाई स्वतः जिना चढून आल्या. त्यांनी पिठल्याचं पातेलं ओट्यावर ठेवलं आणि सलिलच्या केसांतून हात फिरवला.

"होतं रे असं. रडून घ्यावंसं वाटलं तर घे रडून."

परदेशातल्या चौघांनी सकाळपासून जे साधलं नव्हतं ते या वाक्याने साधलं. सलिलच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. दुर्गाबाईंच्या मनात उरलीसुरली शंका होती, तीही गेली.

दुपारी एकच्या सुमाराला फाटकाशी रिक्षा थांबली. हेमा उतरली आणि तिने हात धरून वडिलांना उतरवलं. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात औषधांची पिशवी. पहारेकरी गेनबा स्टुलावरून उठला आणि दोन पावलं मागे सरकला.

"ताई," तो हळूच म्हणाला, "ह्ये तुमचं वडीलच हायत न्हवं?"

"हो. का रे?"

"न्हाई, फळ्यावर निराळं लिवलंय."

दीनानाथराव फळ्यापुढे उभे राहिले. चष्मा किंचित वर करून त्यांनी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत वाचून काढलं.

"बाबा, डोळ्यांना ताण देऊ नका म्हणालेत."

"ताण कसला? खडू न् खडू दिसतोय. डॉक्टर चांगला आहे." मग ते गेनबाकडे वळले. "पिठलं आलं का रे?"

वर बैठकीत तोवर सगळी सोसायटी जमली होती. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, पुरुष माना खाली घालून उभे होते आणि मधोमध सलिल, हे कशासाठी बसलेत ते विचारावं की नाही, या विचारात. दार उघडंच होतं. दारातून आधी मृत इसम आत आले आणि मागून त्यांची मुलगी.

कोणीतरी किंचाळलं. अनंतरावांच्या हातातला कागद खाली पडला.

हेमाने बैठक पाहिली, मग ओटा पाहिला, मग तो रिकामा कप्पा पाहिला. तिला सगळं कळायला तेवढं पुरलं.

"डबे परत केलेस?"

"हो," सलिल उत्साहाने म्हणाला. "सगळे. सकाळीच."

"काय घालून?"

"घालून म्हणजे?"

"म्हणजे आत काय होतं?"

"आत काय असणार? धुतले होते मी."

हेमा दाराशीच खाली बसली. दुर्गाबाईंनी कपाळाला हात लावला. "अगोबाई! नुसता वेंधळेपणा होय? आणि मी बिचाऱ्या माणसाला मारून मोकळी झाले!"

"असू दे हो, आयुष्य वाढतं म्हणतात," दीनानाथराव खुर्चीत बसत म्हणाले. "तो कागद कसला पडलाय?"

अनंतराव ओशाळले. "काही नाही, दोन शब्द होते."

"वाचा की. इतके कष्ट घेतलेत."

अनंतरावांनी खाकरून वाचलं. दीनानाथराव कसे मनमिळाऊ, कसे शिस्तीचे, आणि मुख्य म्हणजे किती दिलदार. ‘दिलदार’ला हेमाने जमिनीकडे पाहिलं. तिचे वडील लेकीकडे येताना आणलेल्या फरसाणातलं उरलेलं पुडीत बांधून परत नेत असत.

पण दीनानाथराव हसले नाहीत. ते ओट्याकडे पाहत होते. पिठलं, भात, खिचडी, उसळ, तीन घरच्या पोळ्या, वाफाळणारं वरण. चौदा भांडी.

"हे सगळं माझ्यासाठी?"

"नाही तर काय," दुर्गाबाई म्हणाल्या.

"मागे दोनदा आलो होतो मी. तेव्हा चहासुद्धा..."

"विचारला होता," दुर्गाबाईंनी आठवण दिली. "तुम्हीच नको म्हणालात. उगाच आपल्यालाही बोलवावं लागेल म्हणून."

"बरोबर आहे," दीनानाथराव म्हणाले आणि त्यांनी ओट्यावरची भांडी पुन्हा एकदा मोजली.

मग सगळे तिथेच जेवले. चूल पेटायची नव्हतीच. जेवणं झाल्यावर हेमाने सलिलला ओट्यापाशी नेलं आणि एकाही भांड्यावरचं नाव न वाचता, कोणतं कोणाचं, कोणाचं झाकण बदललंय, त्यातून काय आलं होतं, हे घडाघडा सांगितलं. सलिलच्या ऑफिसात एवढं ध्यानात ठेवायला स्वतंत्र विभाग लागतो.

"आता यातला एकही रिकामा जायचा नाही," ती म्हणाली.

"साखर घालू?"

"साखरेवर भागायचं नाही रे हे. माणूस गेला म्हणून आणलंय, आणि माणूस पंगतीला बसलाय. फराळ द्यायचा. आणि तळायला तू."

"फराळ माझ्याकडून," दीनानाथराव आतून म्हणाले. "तेल, पोहे, भाजणी, सगळं. एवढं देणं डोक्यावर ठेवून मला पुन्हा मरता यायचं नाही."

हेमाला वाटलं, औषधाचा परिणाम असेल. पण संध्याकाळी दीनानाथराव खरोखरच गेनबाला बरोबर घेऊन वाण्याकडे गेले आणि घासाघीस न करता परत आले.

दुसऱ्या दिवशीचा रविवार आणि पुढचा शनिवार-रविवार सलिल कढईपुढे उभा राहिला. वसुबारसेच्या आदल्या दिवशी चौदाही भांडी भरून रवाना झाली, कप्पा मोकळा झाला, त्यावर यंत्र चढलं आणि सलिलने आपल्या घरात पहिला कॉफीचा कप घेतला. शेवटचाही तोच. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चौदाच्या चौदा परत आली, दहा घरांच्या शंकरपाळ्यांनी, अनारशांनी आणि लाडवांनी भरून. भरून आलेला डबा कोण रिकामा पाठवेल?

आता अखेरचा ताळा. हेमाचा कप्पा पूर्वीपेक्षा तीन डब्यांनी जास्त भरला. यंत्र शुभंकरला मिळालं, त्याने तिसऱ्यांदा न विचारता. सलिलला मिळाला तो एक कप आणि मनगटावर तेलाचे चार डाग. आणि खर्च? तो गेलेल्या माणसाने केला. स्वतःच्या तेराव्याचं सामान स्वतःच्या खिशातून भरून, त्या पंगतीला स्वतः बसून, वर चकली दोनदा मागून घेणारा माणूस दुर्गाबाईंनी ऐंशी वर्षांत पाहिला नव्हता.